मानीबाईचा ढावलो, सतरा वाजंत्र्यांसह

हंसाबाई पवार मुलींना रडायला शिकवतात. दारव्ह्यापासून नऊ किलोमीटरवर वडतांडा आहे. तिथं आणि आजूबाजूच्या पाच-सहा तांड्यांत मुलीचं लग्न ठरलं की तिची आई हंसाबाईंकडे येते. मग पंधरा दिवस, दुपारची कामं उरकल्यावर, मुलगी त्यांच्यासमोर बसून ढावलो शिकते. ढावलो म्हणजे बंजारा बायकांचं रडत म्हणायचं गाणं. सासरी जाताना ते म्हणतात, माहेरचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं तरी म्हणतात, आणि माणूस गेल्यावरही म्हणतात. एकटीनं ते म्हणता येत नाही. समोरच्याच्या गळ्यात पडून, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणावं लागतं. चाल ठरलेली असते, शब्द ठरलेले नसतात.

"आताच्या पोरी मोबाइलवरचं पाठ करून येतात," हंसाबाई सांगतात. "मंग सासरी जाणारी ही, अन् रडणं दुसरीचंच. त्याले काय अर्थ हाय?"

हंसाबाईंचं वय त्रेपन्न. नवरा २००९ साली गेला. मूलबाळ नाही. सासरी दिरांनी ठेवून घेतलं नाही, तेव्हा थोरले भाऊ देवीलाल आडे जाऊन त्यांना घेऊन आले. आपल्या अंगणाच्या कडेला त्यांनी बहिणीसाठी एक खोली बांधून दिली, वर टिनाचं छत, समोर न्हाणी. पंधरा वर्षं हंसाबाई त्या खोलीत राहिल्या, भावाच्या शेतात कापूस वेचला, तूर कापली आणि जेवण भावाच्या चुलीवरचं. देवीलाल आता पासष्ट वर्षांचे आहेत. बापाच्या, खेमसिंगच्या, पाठोपाठ तेच तांड्याचे नायक झाले. लग्नाच्या बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा. भाऊ गेला तर हंसाबाईंना दुसरं दार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि तांड्यालाही.

त्या दोघांमध्ये एक गोष्ट होती. ती आणखी कुणाला माहीत नव्हती.

त्यांना एक बहीण होती, मानीबाई. तिचं लग्न साट्यालोट्यात झालं. आर्णीकडच्या एका घरात तिला दिलं आणि त्याच घरातली मुलगी देवीलालसाठी आणली. १९८४ साली, मानीबाई वीस वर्षांची असताना, एका बाजाराच्या दिवशी ती अनवाणी, एकटी दारव्ह्याच्या स्टँडवर उतरली. देवीलाल बाजारात होते, त्यांच्यासोबत तेरा वर्षांची हंसा. मानीबाईनं सांगितलं की ती परत जाणार नाही. देवीलालनी हंसाला बाजारातून परतणाऱ्या शेजारणीबरोबर तांड्याकडे चालतं केलं. संध्याकाळी ते एकटेच घरी आले. हंसाला बाजूला घेऊन म्हणाले, चहा पाजला, समजूत घातली, जीपमध्ये बसवून दिलं, बाला सांगू नको. मानीबाई माहेरी राहिली असती तर साट्यालोट्याच्या रिवाजाप्रमाणे देवीलालच्या बायकोलाही परत जावं लागलं असतं. तिला तेव्हा दुसऱ्या वेळचा सातवा महिना होता.

तिसऱ्या दिवशी मानीबाई सासरच्या विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं कागदावर लिहिलं गेलं. वडतांड्यातल्या बायका पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. मानीबाईचा ढावलो झाला नाही. खेमसिंग २००३ साली वारले, तोवर मुलगी घसरूनच पडली असं मानत होते. देवीलालची बायकोही आठ वर्षांपूर्वी गेली.

हे एवढं पोटात ठेवून हंसाबाई फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद शेडमध्ये गेल्या. त्यांना नेलं होतं निकितानं.

निकिता आडे ही त्यांच्या चुलतभावाची मुलगी. वडील बँकेत, त्यामुळे बालपण नाशिकला, कॉलेज पुण्याला. ती जॅझ गाते. गोरबोलीतले, म्हणजे बंजारा भाषेतले, तिला दहा-बारा शब्द येतात, त्यातले चार खाण्याचे. तिचा पहिला अल्बम ती बिग बँडसोबत करत होती. बिग बँड म्हणजे पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास आणि ड्रम. सतरा माणसं एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवणारी. सॅक्सोफोनवाले आणि पियानोवाला पुण्याहून आले. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनसाठी निकितानं दारव्ह्याचा लग्नाचा बँड घेतला. त्याचे मालक गोविंदा खडसे स्वतः पहिला ट्रंपेट वाजवतात. तीस वर्षं त्यांनी या भागातल्या लग्नांत वाजवलंय, त्यात अर्धी लग्नं तांड्यांवरची.

शेडच्या भिंतींना गाद्या आणि बारदान बांधलं होतं. पहिला दिवस भांडणात गेला. पुण्याच्या लोकांसमोर छापील नोटेशन होतं. गोविंदाच्या माणसांना ते वाचता येत नव्हतं, त्यांनी सगळं सारेगममध्ये वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाठ करून आले. मग पुण्याच्या एका वादकानं ट्रंपेटच्या तोंडाशी धरायला काळ्या रबराच्या वाट्या वाटल्या.

"हे काय होय?" गोविंदांनी उलटून पालटून पाहिलं.

"यानं आवाज रडल्यासारखा येतो, काका. सगळ्या जगात हेच वापरतात."

"अबे, हे तं संडास साफ करायचं रबर हाय!"

"नवीन आहे, काका. कालच घेतलं."

"नवं हाय म्हणून तोंडाजवळ धरू काय? आमच्या गावात पाह्यलं तं सुपारी वापस घेईन कोनी."

तरी त्यांनी धरलं. आवाज खरोखरच रडल्यासारखा आला, तेव्हा दुसऱ्या ट्रंपेटवाल्याला म्हणाले, "घरी सांगू नको बरं."

तिसऱ्या दिवशी हंसाबाईंची पाळी होती. निकिताला एका गाण्यात ढावल्याचा आवाज हवा होता. शब्द कोणतेही चालतील, असं तिनं सांगितलं. हंसाबाई मायक्रोफोनसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. हेडफोन त्यांनी आधीच काढून ठेवले होते.

"आत्या, म्हणा ना. काहीही म्हणा."

"कोणाच्या गळ्यात पडू? या खांबाच्या?"

निकिता रेकॉर्डिंग यंत्राच्या काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि समोर उभी राहिली. "माझ्या गळ्यात पडा."

"तू कुठं चालली?"

"कुठंच नाही."

"मंग तुह्यासाठी कायचं म्हणू?"

रेकॉर्डिंग करणाऱ्यानं तेवढ्यात यंत्र सुरू केलं होतं. बास आणि पियानोनं एक सूर धरून ठेवला. हंसाबाईंनी निकिताच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. त्या सांगतात की त्या वेळी खोलीत त्यांनी नजर फिरवली आणि त्यांना वाटलं, इथं आपली भाषा समजणारं एकही माणूस नाही. पुण्याची पोरं, दारव्ह्याचे वाजंत्री. पोरगी आपलीच, पण तिलाही समजत नाही. "अन् तिले आवाज पाह्यजे होता. शब्द कोणाले पाह्यजे होते?" त्यांच्या तांड्यात असंही मानतात की ढावल्यात बोललेलं परत काढायचं नसतं. गळ्यात पडून सून सासूला बोलते, बहीण भावाला बोलते. मग डोळे पुसले की ते बोलणं तिथंच संपलं. त्यावर नंतर कुणी भांडत नाही, जाब विचारत नाही.

त्यांनी मानीबाईचा ढावलो म्हटला. चाळीस वर्षांपूर्वी व्हायला हवा होता तो. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

खोलीत एका माणसाला समजत होतं. गोविंदांना तीस वर्षांत गोरबोली बरीच कळू लागली होती, पण हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला ट्रंपेटनं हंसाबाईंच्या ओळीला उत्तर द्यायचं होतं. गोविंदांनी तीन सूर वाजवले, चौथा वाजवलाच नाही. रबराची वाटी खाली पडली. बाकीचे तिघेही त्यांच्याकडे पाहून थांबले. गाणं तसंच पुढे गेलं, नुसत्या बासवर. संपल्यावर निकितानं डोळे पुसत सांगितलं की दुसऱ्यांदा घ्यायचं नाही, हेच ठेवायचं.

चहाच्या वेळी तिनं विचारलं, "आत्या, यात अर्थ काय होता?"

"पोरगी सासरी चालली," हंसाबाई म्हणाल्या.

अल्बमच्या माहितीत तसंच छापलं गेलं: सासरी निघालेल्या मुलीचं गाणं.

अल्बम ऑक्टोबरमध्ये इंटरनेटवर आला. पुण्यातल्या एका नियतकालिकानं सहाव्या गाण्यातल्या ट्रंपेटच्या मौनाबद्दल एक परिच्छेद लिहिला आणि असा संयम भारतीय वादकांत दुर्मीळ असल्याचं म्हटलं. वडतांड्यात लोक त्याला "निकिताची कॅसेट" म्हणू लागले, कॅसेट कुणीच पाहिली नसताना.

सगळ्यात जास्त आनंद देवीलालना झाला. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी त्यांनी सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर स्पीकर लावायला सांगितला. सोयाबीन घरात आलं होतं, कापसाची वेचणी चालू होती, तरी दुपारी चार वाजता साठ-सत्तर माणसं ओट्यापाशी जमली. देवीलालच्या नातवानं, प्रेमनं, आपला मोबाइल स्पीकरला जोडला. प्रेम तेवीस वर्षांचा आहे, त्याची सोयरीक त्याच महिन्यात ठरली होती. तिथलं बोलणं गोरबोलीतच झालं, इथं ते वऱ्हाडी मराठीत दिलं आहे.

पहिली पाच गाणी निकिताची होती. लोक हसत होते.

"हे गानं होय का ट्रक रिव्हर्स घेऊन राह्यले?"

"नायक, वरात निंगाली कवाची, नवरदेव कुठं हाय?"

"ऐका ना बे गुमान," देवीलाल म्हणाले. "पोरीनं नाव काढलं. तुमच्या घरातलं कोणी गायलं काय असं?"

"आजा, आता सहावं. हंसाआजीचं," प्रेमनं सांगितलं आणि आवाज वाढवला.

हंसाबाई बायकांमध्ये बसल्या होत्या.  त्यांना वाटलं होतं, एवढ्या पें-पेंमध्ये शब्द काय ऐकू येतील. लोहाऱ्याला तर त्यांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू आला नव्हता. पण रेकॉर्डिंग करणाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. सतरा वाद्यं मागे होती आणि हंसाबाईंचा शब्द न शब्द पुढे.

स्पीकरवरचा आवाज म्हणत होता: वीरा, मानी बाजारात आली होती, तिच्या पायात काही नव्हतं. वीरा, मी तिच्या पायाचं रक्त पाहिलं आणि तू मला घरी धाडलंस. तू तिला चहा पाजलास आणि परत त्या जीपमध्ये बसवलंस. तुझी बायको तुझ्या घरात राहावी म्हणून माझी बहीण विहिरीत गेली. बा मरेपर्यंत ती घसरून पडली असंच म्हणत राहिला, आणि वीरा, मी तुझं खाऊन गप्प बसले.

 वीरा म्हणजे भाऊ, आणि हंसाबाईंना भाऊ एकच. वयस्कर लोकांना मानीबाई आठवत होती. तरुणांना ती कोण हेच माहीत नव्हतं, पण सगळ्यांच्या माना देवीलालकडे वळलेल्या पाहून तेही तिकडे पाहू लागले. ट्रंपेट वाजायला लागला आणि थांबला. प्रेमनं मोबाइलकडे हात नेला.

"राहू दे," देवीलाल म्हणाले.

गाणं पूर्ण वाजलं. सातवं सुरू झालं, तेव्हा प्रेमनं बंद केलं. देवीलाल ओट्यावरून उठले. ते नाकारतील, चिडतील किंवा निघून जातील, असं लोकांना वाटलं. ते बायकांकडे तोंड करून उभे राहिले.

"त्यात एक गोष्ट खोटी हाय," ते म्हणाले. "चाय म्या पाजली नाई."

देवीलालनी एकदा हंसाबाईंकडे पाहिलं.

"तिनं मांगतली होती. भाऊ, एक चाय पाज म्हणे, मंग जातो. जीप भरली होती. डायवर हारन मारून राह्यला होता. म्या म्हटलं, आर्णीले उतरून पेजो. हंसीले म्या घरी येऊन सांगतलं का चाय पाजली. ती लहान होती."

एवढं बोलून ते पुन्हा खाली बसले. नंतर प्रेम सांगत होता की आजोबांचा आवाज बैठकीत निकाल सांगताना असतो तसाच होता, वर नाही की खाली नाही.

 दोन बायकांनी हंसाबाईंना धरून खोलीपर्यंत नेलं. त्या रडत नव्हत्या. एकीनं पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं. तो दिवस त्यांनी पाच महिन्यांनी सांगितला तेव्हा म्हणाल्या, "चाळीस वर्सं म्या त्याले त्या एका चायवर माफ करत आली. म्हटलं, भाऊ वाईट होता, पण पाजली तं सही. तिच्या पोटात शेवटचं माहेरचं काही गेलं तं सही. अन् तेबी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमनं निकिताला फोन केला आणि गाण्याचा खरा अर्थ सांगितला. निकिता म्हणते, "ते माझ्या खांद्यावर म्हटलं गेलं. त्यांची हनुवटी हलत होती ती मला जाणवत होती. आणि मी मनात मात्रा मोजत होते." गाणं त्याच दिवशी काढून टाकते, असं ती म्हणाली. प्रेमला तेच हवं होतं. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडेल, अशी त्याला भीती होती. पण निकितानं हंसाबाईंना विचारल्याशिवाय हात लावायला नकार दिला.

प्रेम खोलीत गेला. "आजी, काढू दे ना ते. माह्यासाठी."

"काढलं तं ज्याईनं ऐकलं त्याईच्या कानातून निंगते काय?"

"नवीन लोकं तं नाई ऐकणार."

"नव्या लोकाईलेच ऐकू दे. जुन्याईनं काय केलं?"

प्रेम बाहेर आला आणि आजोबांना म्हणाला, तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल. देवीलाल म्हणाले, "तिचं गानं हाय. मले नोको विचारू."

सोयरीक मोडली नाही. मुलीच्या आईनं गाणं ऐकलं आणि एकच अट घातली: साटंलोटं करायचं नाही. तसंही प्रेमला बहीण नाही.

गाणं अजून तिथंच आहे. फक्त माहिती बदलली आहे. सासरी निघालेल्या मुलीचा उल्लेख गेला. त्या जागी लिहिलंय: मानीबाई खेमसिंग आडे, १९६४ ते १९८४, यांचा ढावलो. खाली हंसाबाईंनी फोनवर सांगितलेलं एक वाक्य जसंच्या तसं आहे: यात चहा पाजल्याचं म्हटलं आहे ते खरं नाही, चहा पाजला नव्हता.

गोविंदा खडसे नंतर एकदा वडतांड्यात एका लग्नाची सुपारी घ्यायला आले. हंसाबाईंनी त्यांना अंगणात अडवलं.

"तुमाले समजत होतं. बोलले काहून नाई?"

"बाई, बँडवाला दर लग्नात काय काय ऐकते. सगळं बोलत बसलो असतो तं बँड कवाच बंद पडला असता."

"मंग बाजा काहून थांबवला?"

 रबराची वाटी सुटून पडली, असं गोविंदा म्हणाले.

नोव्हेंबरमध्ये देवीलालनी नायकपण सोडलं. बैठक बोलावून सांगितलं, दुसरा निवडा. हंसाबाई खोली सोडून जातील असं तांड्याला वाटत होतं, पण त्या गेल्या नाहीत. "जागा बाची हाय. मी त्याच्या घरात नाई, बाच्या अंगणात राह्यते." भावाच्या चुलीवरचं जेवण मात्र त्यांनी बंद केलं. आता त्या खोलीसमोर तीन दगडांवर भाकरी थापतात आणि भावाच्या शेतात न जाता दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात.

गाणं वाजलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी देवीलाल त्यांच्या दाराशी आले. डोक्यावरचं मुंडासं त्यांनी काढून हातात घेतलं होतं. हंसाबाई पीठ मळत होत्या.

"हंसे, म्हन. माह्या गळ्यात पडून म्हन. जे म्हनायचं ते सारं म्हन."

हंसाबाईंनी मान वर केली नाही. "नाई म्हणत."

"काहून?"

"म्हटलं का मिटलं."

देवीलालना हे समजत होतं. ज्याला बोलायचं त्याच्याच गळ्यात पडून बोललं की ते पुन्हा काढता येत नाही, आणि तेच मागायला ते आले होते. ते परत गेले. मार्चअखेरपर्यंत ते सहा वेळा आले. कधी सकाळी, कधी हंसाबाई कामावरून परतल्यावर. दर वेळी मुंडासं हातात आणि मागणं तेच. सहाव्या वेळी त्यांनी विचारलं, "अन् म्या मेलो तं?"

"तं रडीन. भाऊ हायस. तुह्या प्रेमच्या गळ्यात पडून तुह्यासाठी रडीन," हंसाबाई म्हणाल्या. "पन मानीचं त्यात नाई आननार. तिचं तुले नाई मिळत."

देवीलाल अजून येतात.